मंदीत नोकरी गेली. घरकर्जाचा हप्ता कसा सांभाळावा?

प्रश्न (घणसोली): महापे येथील कारखान्यात ९ वर्षे यंत्रचालक म्हणून काम केल्यावर मंदीमुळे मला कमी करत आहेत. घरकर्जाचा हप्ता आणि मुलीची फी कशी भरावी, हे सुचत नाही.

उत्तर (ठाणे): कृपया राजीनामा लिहून देऊ नका. कामगार कपातीत सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते, शिवाय ५ वर्षांहून अधिक सेवा असल्याने ग्रॅच्युइटीही स्वतंत्रपणे मागता येते. दाद न मिळाल्यास ठाण्यातील कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करावी.

उत्तर (ऐरोली): हप्ता चुकण्याआधीच बँकेकडे मुदतवाढ मागा, व्याज वाढेल, पण थकबाकीची नोंद टळेल. माझ्या यजमानांच्या वेळी आम्ही उशीर केला, त्याची खंत आजही आहे.

प्रश्नकर्ता: राजीनाम्यावर उद्याच सही करणार होतो. आता थांबतो.