मंडळ मेल: पिवळा टेप परत फिरेल काय?

प्रेषक: टिळकवाडीची धाकटी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात बेळगावला जाऊन टिळकवाडीचं घर आवरलं. माळ्यावर बाबांचा कॅसेट वाजवायचा पिवळा टेप मिळाला. मामांनी ८६ साली मस्कतहून आणलेला. जाड प्लास्टिक, दाराला सगळीकडून रबराची कड, वर डब्यासारखी खिट्टी, आत रेडिओ पण. शेजारी बिस्किटाच्या डब्यात अकरा कॅसेट. चारांवर बाबांच्या अक्षरात "मामांस" एवढंच लिहिलंय. तेव्हा परदेशी फोन परवडायचा नाही. बाबा घरातल्या टू-इन-वनसमोर बसून बोलायचे आणि कोणी मस्कतला निघालं की त्याच्या पिशवीत कॅसेट टाकायचे. मामा गेल्यावर मामींनी त्या परत पाठवल्या.

टेप इकडं घेऊन आले. नवे सेल घातले तर रेडिओ खरखरतो, आत मोटरचा बारीक आवाज येतो, पण कॅसेट जागची हलत नाही. इथल्या दुकानदारानं तर हातच लावला नाही. तुमच्यापैकी कोणाकडं असला टेप होता काय?

प्रेषक: खानापूरचा

अक्का, होता काय म्हणून काय विचारताय! आमच्यात हा टेप घरात कमी आणि शेतात जास्त असायचा. रोप लावणीला भाऊ तो बांधावर ठेवायचा, वरनं पाऊस कोसळायलाय आणि ह्याचं आपलं चालूच. एकदा जांबोटीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरनं पडला. मी लंगडत घरी आलो, टेपला फक्त एक ओरखडा. चिखलात बरबटला की भाऊ सरळ नळाखाली धरायचा. आई ओरडायची, पण चालायचा.

एक मात्र सांगतो, ते जाहिरातीत कोणी सांगत नाही. पाणी बाहेर ठेवणारं रबर आतली ओलसुद्धा आतच धरून ठेवतं. जुलैत ओल्या हातानं कॅसेट बदलली, खिट्टी लावली आणि आठवडाभर तसाच ठेवला. उघडून बघतो तर कॅसेटमधल्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी, पापडावर धरते तसली. तेव्हापासून पावसाळ्यात टेपची जागा चुलीवरच्या फळीवर, दार उघडं ठेवून. त्या अकरा कॅसेट आधी उजेडात धरून बघा. पांढरं दिसलं तर मशिनमध्ये घालू नका, हेडला (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला) लागेल आणि पुढच्या कॅसेटला पण जाईल.

प्रेषक: निपाणी

टणकपणाचं कौतुक पुरे. रेडिओचं बोला की! माझ्या काकांनी जपानहून असाच पिवळा आणला होता. सोनीनं पहिला वॉकमन काढला १९७९ ला. पुढं पावसापाण्यात चालणारे पिवळे निघाले आणि मग ज्या त्या कंपनीनं पिवळा रंग लावायला सुरुवात केली. आमच्याचा रेडिओ नुसता एफएम, तोही जपानचा, ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. निपाणीत त्या काळी एफएमवर होतं काय? खरखर. चार वर्षं मी त्या खरखरीत काटा फिरवत होतो, कधीतरी लागेल म्हणून.

सीमाभागात तेव्हा रेडिओ म्हणजे मीडियम वेव्ह, म्हणजे एएम. सांगली १२५१ किलोहर्ट्झवर, धारवाड ७६५ वर. मराठी कार्यक्रम, नाटक, बातम्या सांगलीला; रात्री गाणं ऐकायचं तर आजोबा धारवाड लावायचे. भाषेवरून घरात वाद व्हायचे, पण गवई मल्लिकार्जुन मन्सूर गायला लागले की त्यांचं कन्नड कोणाला टोचायचं नाही.

पुढं अमेरिकेतनं भावानं आकडे दाखवणारा सेट पाठवला. लई भारी! पण तिकडची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झवर, आपल्याकडची नऊ-नऊवर. बटण दाबलं की ७६०, परत दाबलं की ७७०. धारवाड मधल्या मध्ये फाटक्या आवाजात. काही सेटना नऊ-दहाचा खटका असतो, ह्याला नव्हता. शेवटी शंभर रुपयांचा काट्याचा रेडिओच कामाला आला. धाकटे, तुझ्यावर एएम लिहिलंय काय बघ. असलं तर सेट हातात धरून हळू फिरव. आतली फेराइटची कांडी हीच एएमची एरियल, तिची कूस स्टेशनकडं आली की आवाज भरतो. एफएमला मात्र हेडफोनची वायरच एरियल, ती गुंडाळून ठेवू नको.

प्रेषक: शहापूर

मोटर फिरते आणि कॅसेट फिरत नाही म्हणजे मोटरवरनं चाकं फिरवणारा रबरी पट्टा गेला. गणपत गल्लीत काकांचं रिपेअरीचं दुकान होतं, शाळा सुटली की मी तिथंच. असले बंद डब्बे आले की काका कपाळावर हात मारायचे. साधा टेप चार स्क्रूत उघडतो. ह्याचं रबर एकदा काढलं की परत नीट बसत नाही, मग गिऱ्हाईक म्हणणार पाणी शिरायलंय.

आतला पट्टा वितळून डांबर झालं असेल. ते काढल्याशिवाय नवा घालू नका. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि अर्धा दिवस. हाताला, टेबलाला लागलं की निघत नाही, खाली जुना पेपर घाला. नवा पट्टा रबरबँडचा नको, वेग वरखाली होतो. त्याच अल्कोहोलनं हेड पुसा, पण फीत पुढं ओढणारं रबरी चाक पुसताना काडी जेमतेम ओली असू द्या. सेलच्या जागी हिरवं चढलं असेल तर व्हिनेगर.

आणि अक्का, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा बाबांची कॅसेट घालू नका. कुठलीतरी टाकाऊ घाला. ती खाल्ली तर खाल्ली. कॅसेटच्या आत टेपमागं फेल्टचा तुकडा असतो, तो जुन्यात गळतो, तेही बघा. पाच स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या कवचात घालता येते. आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव वळसा. आधीची जागा पेनानं खूण करून ठेवा.

प्रेषक: खजिनदार

सर्वांनी रिप्लाय ऑल करताना विषय बदलू नये ही विनंती. दिवाळीच्या कुंद्याची ऑर्डर कोणी दिली आहे त्यांची नावं मला वेगळी कळवा, ह्या मेलमध्ये नको.

प्रेषक: टिळकवाडीची धाकटी

फिरला! दोन शनिवार गेले. डांबर अजून नखात आहे. टाकाऊ म्हणून एक कीर्तनाची कॅसेट घातली (महाराजांनी क्षमा करावी), ती नीट वाजली. दहा कॅसेट स्वच्छ, एकीला बुरशी, ती बाजूला ठेवलीय. सेल वाचवायला पेन्सिल घालून रिवाइंड केली, शाळेत करायचो तसं.

मग "मामांस" पहिली. बाबा पंधरा मिनिटं पावसाचं, भाताचं, माझ्या दहावीचं सांगतात. मागं कुठंतरी रेडिओ चालू आहे. निपाणीकाका, शब्द लागत नाहीत, पण मराठी आहे, म्हणजे सांगलीच ना? आणि मग आवाज बदलत जातो. हळूहळू बारीक, घाईघाईचा, शेवटी तर चिमणीसारखा. नवे सेल आहेत, पट्टा नवा, स्क्रूला हात लावलेला नाही. कीर्तनात असं कुठंच नाही. काय बिघडलं असेल?

प्रेषक: शहापूर

तुमचं काही बिघडलं नाही. कॅसेट सगळीकडं सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरनं पळते. फिलिप्सनं १९६३ ला कॅसेट काढली तेव्हापासून हाच वेग, म्हणून बेळगावात भरलेली मस्कतला वाजते. पण भरताना टू-इन-वनचे सेल मरायला आले असतील तर टेप हळू पळते. ती आज बरोबर वेगानं लावली की बोलणं घाईचं आणि बारीक ऐकू येतं. लाइट गेली असणार. बाबा सेलवर बोलत होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

आहे तशीच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. नंतर शेवटची दहा मिनिटं थोडी थोडी हळू करत न्या, जितकं पुढं तितकं जास्त. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा. बाकीच्या तीन लावायच्या आधी हेड परत पुसा.