पोटाचा ब्लॉक आणि श्वास
पोटाच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून पोटाच्या भिंतीतल्या नसा इंजेक्शनने बधिर करतात, त्याला टॅप ब्लॉक म्हणतात. या नसा बधिर केल्या तर श्वासही अडकेल, असं काहींना वाटतं. भीती समजते, पण डायफ्रामची (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) नस मानेतून, ३ ते ५ क्रमांकाच्या मज्जातंतूंपासून निघते. टॅप ब्लॉकचं औषध पोटाच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये सोडतात. ते मानेतल्या त्या नसेपर्यंत पोचत नाही. खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत देतात त्या ब्लॉकने मात्र त्या बाजूचा डायफ्राम बऱ्याचदा तात्पुरता लुळा पडतो. बहुधा या दोन्हींची गल्लत होते आहे.

या भीतीत खोकल्याचा विचार राहूनच जातो. जोरात श्वास सोडायला पोटाचे स्नायू लागतात आणि ब्लॉकने ते थोडे सैल पडतात, म्हणजे कागदावर खोकला कमजोर व्हायला हवा. पण टाके दुखत असताना माणूस खोकतच नाही! वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो. दुखणं कमी झालं की खोल श्वास जमतो, शिवाय मॉर्फिनसारखी औषधं कमी लागू शकतात. श्वास मंदावण्याचा धोका खरा त्यांचा. आतड्यांची खोल वेदना मात्र या ब्लॉकने जात नाही. आणि वरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर डायफ्राम काही दिवस सुस्त राहतो तो केवळ वेदनेमुळे नव्हे, म्हणून ब्लॉक दिला तरी श्वासाचे व्यायाम करायलाच हवेत.