मदत हवी आहे: ऑटिस्टिक मुलांची कटिंग

नमस्कार मंडळी. माझं नाशिकरोडला जेन्ट्स सलून आहे. आमच्याकडे एक ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलगा येतो. कात्री चालते, पण मशीन सुरू केलं की दोन्ही हात कानांवर. मानेवर बारीक केस टोचले की कापड ओढून काढतो, पाणी मारायची बाटली दिसली तरी तोंड फिरवतो. मग वडील त्याला घट्ट धरून ठेवतात. ते मला बघवत नाही, आणि पोर धडपडत असताना कानाजवळ कात्री चालवणं धोक्याचंही आहे.

आता त्याला सकाळी गर्दी व्हायच्या आत बोलावतो. टीव्ही बंद. फवाऱ्याऐवजी ओला कंगवा. "आता मागची बाजू" असं आधी सांगून मगच हात लावतो. याने बराच फरक पडला. अडतं ते कानामागे आणि मानेवर. मशीनचा नुसता आवाज नसतो, थरथर थेट हाडात जाणवते, त्यामुळे कानात कापूस घालूनही भागत नाही.

पालकांना आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना (अशा मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून सराव देणाऱ्यांना) विचारायचंय: कमी थरथरणारा ट्रिमर कुणी वापरलाय का? मानेला काय गुंडाळता? घरी आधी फोटो दाखवून क्रम समजावला तर उपयोग होतो का? मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक मंडळींनी स्वतःचा अनुभव सांगितला तर सोन्याहून पिवळं. खुर्चीत बसल्यावर नेमकं काय नको वाटतं, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?

अशा मुलांच्या आणखीही काही आयांनी कटिंगसाठी विचारलंय. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा फक्त या ग्राहकांसाठी उघडायचं मनात आहे. दर नेहमीचाच.