रेसिडेंटच्या हातात केस किती द्यावी?

नवा_लेक्चरर: सीनियर रेसिडेन्सी संपवून आठ महिन्यांपूर्वी मी सहाय्यक प्राध्यापक झालो. गेल्या आठवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढताना तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला (शिकाऊ सर्जनला) डिसेक्शन, म्हणजे आजूबाजूचे ऊतक सोडवण्याचे काम, दिले. पण कॅलोच्या त्रिकोणात (पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांच्यामधल्या जागेत) थोडे रक्त दिसताच मी मेरीलँड (डिसेक्शनचा चिमटा) परत घेतला आणि उरलेली केस स्वतःच संपवली. तो काही न बोलता कॅमेरा धरून उभा राहिला. माझ्या स्वतंत्र केसेस अजून शंभरही भरलेल्या नसताना दुसऱ्याला कितपत करू द्यावे?

जुना_युनिटवाला: डॉक्टर, पूर्ण केस देऊ नका, टप्पा द्या, आणि तो कोणता हे हात धुतानाच सांगा. नळी आणि धमनी बंद करणाऱ्या क्लिप लागल्यानंतर पित्ताशय यकृतापासून सोडवणे आधी द्यावे. तो हात बसला की मगच त्रिकोण. तिथे बहुतेकांची चूक डाव्या हातात असते. हार्टमन पाउच (पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगीर भाग) नुसते वर ओढले, तर सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि सीबीडी (मुख्य पित्तनळी) एका रेषेत येतात व एकीच्या जागी दुसरी कापली जाते. तेच बाहेरच्या बाजूला ओढले की त्रिकोण उघडतो. स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली मांडलेल्या तिन्ही अटी, म्हणजे त्रिकोण साफ झालेला, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा आणि आत जाणाऱ्या फक्त दोनच रचना, त्याने मोठ्याने म्हणून दाखवल्याशिवाय क्लिप मागू देऊ नये. रक्त आले तर हत्यार न घेता "गॉज ठेव, दाब, थांब" एवढेच सांगावे. तिथे आंधळेपणाने कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवणारे हत्यार) लावली जाणार असे दिसले, तर मात्र बेलाशक हात घालावा.

जेआर_थ्री: सर, केस काढून घेतल्याचे आम्हाला फारसे वाटत नाही; का घेतली हे कळत नाही, त्याचे वाटते. चेंजिंग रूममध्ये दोन वाक्ये बोललात तरी पुरे.

तालुका_सर्जन: सुजलेल्या, चिकटलेल्या पित्ताशयावर पहिल्या वर्षी शिकवायला जाऊच नये, असे माझे मत आहे. अशी केस स्वतः करावी, वरिष्ठांना आधी कळवून ठेवावे आणि त्रिकोण उलगडत नसेल तर सबटोटलवर, म्हणजे पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून, थांबावे. कुठे थांबायचे, हेही रेसिडेंट त्यातूनच पाहतो.

नवा_लेक्चरर: आभारी आहे. रक्त पाहून घाबरलो होतो, हे त्याला आज सांगितले. गुरुवारच्या यादीतल्या पहिल्या केसमध्ये यकृताकडची बाजू त्याची असेल आणि कॅमेरा मी धरेन.