डर्क पिट म्हणे पहिल्यापासूनच साचेबंद!

तळघर

काल 'किनारा' यांनी क्लाइव्ह कस्लर या अमेरिकन साहसकथालेखकावर आणि त्याच्या डर्क पिट या नायकावर चार ओळी खरडल्या. म्हणणं असं, की डर्क पिटचं एक पुस्तक वाचलं की सगळी वाचून होतात, पहिल्यापासून तोच साचा, फक्त जहाजाचं नाव बदलायचं. आणि ज्यांना यात काही दिसतं त्यांनी दुसरं काही वाचलेलंच नाही. या शेवटच्या वाक्यासाठी हा प्रपंच, नाहीतर सोडून दिलं असतं.

साचा आहे हे नाकारतंय कोण? सुरुवातीला इतिहासातलं एक प्रकरण, त्यात जहाज बुडणार. मग आजच्या काळात पिट नेमका तिथेच हजर. त्याचा दोस्त जिओर्डिनोकडे साहेबांचे, म्हणजे अ‍ॅडमिरल सँडेकरचेच सिगार निघणार. पर्लमटर जुन्या कागदांतून दुवा काढून देणार, येगर कॉम्प्युटरमधून. खलनायक गडगंज श्रीमंत. तो पिटला पकडणार, आपला बेत त्याला इत्थंभूत सांगणार आणि मारायचं काम दुसऱ्यावर सोपवून निघून जाणार. मलाही पाठ आहे हे सगळं.

पण 'रेझ द टायटॅनिक' १९७६ चं आहे. तेव्हा टायटॅनिक कुठे पडलंय याचा पत्ता नव्हता. अवशेष सापडले १९८५ मध्ये, तेही दोन तुकड्यांत. या माणसाने कादंबरीत अख्खं जहाज वर काढलं, न्यूयॉर्कला ओढत नेलं, तिजोरी उघडली आणि पेट्यांत निघाली खडी! ज्या खनिजासाठी एवढा आटापिटा, ते त्या जहाजावर कधी चढलंच नव्हतं. तीनचारशे पानं वाचून आलेल्या वाचकाला असं तोंडघशी पाडायला छाती लागते.

'नाईट प्रोब' (१९८१) घ्या. ब्रिटनने १९१४ साली कॅनडा अमेरिकेला विकल्याचा गुप्त करार. एक प्रत नदीवरच्या पुलावरून कोसळलेल्या आगगाडीत, दुसरी 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड'वर. हे जहाज त्याच वर्षी मे महिन्यात सेंट लॉरेन्स नदीत खरोखर बुडालं, हजारावर माणसं गेली. खऱ्या अपघाताच्या पोटात खोटा करार असा बसवलाय की वाचून झाल्यावर मी नकाशा काढून बसलो होतो. आणि ती गाडी? नदीच्या तळाशी शोधून शोधून दमतात, गाडी तिथे नाहीच.

माझं म्हणणं एवढंच. साचा तेव्हाही होता, पण त्यात एक वेडी कल्पना असायची आणि ती शेवटपर्यंत निभावलेली असायची. 'सहारा'पर्यंत (१९९२) तरी ते होतं. पुढे 'व्हॅल्हाला रायझिंग'च्या शेवटी (२००१) पिटच्या दारात दोन मोठी जुळी मुलं उभी राहिली, 'ट्रोजन ओडिसी'मध्ये (२००३) लग्न आणि बढती उरकली, आणि २००४ च्या 'ब्लॅक विंड'पासून लेखकाचा मुलगा डर्क कस्लर सहलेखक झाला. तिथून पुढे बाप एका भानगडीत, मुलं दुसऱ्या भानगडीत, शेवटी दोन्हींची गाठ. हा नवा साचा जुन्याहून लहान आहे. तक्रार करायची तर याची करा. 'पहिल्यापासून' म्हणू नका.

किनारा

एवढं लांबलचक उत्तर माझ्या चार ओळींना! धन्य झालो.

आता माझंही ऐका. मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये होतो. जहाजावर पुस्तकं येतात ती आधीच्या लोकांनी सोडलेली, डिझेलच्या वासाची, कव्हर टेपने चिकटवलेली. त्यात कस्लर हमखास. एका पुस्तकाची शेवटची तीसेक पानं कोणीतरी फाडून नेली होती. मी थर्ड इंजिनिअरला उरलेली गोष्ट तोंडी सांगितली : तळाचा स्फोट, पिट मेला असं सगळ्यांना वाटणं, मग तेलाने माखून विनोद करत वर येणं, खलनायकाला त्याच्याच हत्याराने मरण. पुढे दुसऱ्या जहाजावर अखंड प्रत मिळाली. सगळं बरोबर, फक्त हत्यार चुकलं होतं.

याला साहित्य म्हणायचं असेल तर म्हणा. आणि इंजिनांबद्दल तर बोलूच नका. कुठलंही गंजलेलं, मेलेलं इंजिन हा माणूस दोन पानांत सुरू करतो. आम्ही एका फ्युएल पंपासाठी रात्र रात्र घालवलीय.

अक्षरवेल

किनारा, शेवट माहीत होता तर अखंड प्रत मिळाल्यावर पुन्हा वाचलीत कशाला?

कोपरखळी

😂 पहिल्याच षटकात त्रिफळा.

किनारा

@अक्षरवेल, समुद्रावर दुसरं काही नव्हतं म्हणून.

अक्षरवेल

बरं. 😊 मी रात्रपाळीची माणूस. रुग्णालयातली रात्र म्हणजे दर थोड्या वेळाने उठायचं, पुस्तक पालथं घालायचं, परत यायचं. तिथे वळणावळणाची कादंबरी चालत नाही. पिट चालतो. कुठेही उघडा, कोण कुठे आहे ते कळतं. सगळी वाचली आहेत, मुलांवरची नवीसुद्धा, आणि तळघर म्हणतात तेवढी ती वाईट नाहीत. निदान पिटची मुलगी समर बुडत नाही, स्वतः पोहून दुसऱ्यांना वाचवते.

माझं दुखणं वेगळं आहे. जुन्या पुस्तकांतल्या बाया! दर वेळी एक हुशार शास्त्रज्ञ, स्वतःच्या विषयातली तज्ज्ञ, आणि तिचं काम काय तर बुडणं किंवा पळवलं जाणं. पिटची मैत्रीण लॉरेन स्मिथ तर अमेरिकन संसदेची, काँग्रेसची, सदस्य आहे हो! 'डीप सिक्स'मध्ये पळवली, 'ड्रॅगन'मध्ये पळवली, 'इन्का गोल्ड'मध्ये पळवली. हा साचा पुरुष वाचकांच्या यादीत कधी येत नाही. तळघर यांच्याही आला नाही.

तळघर

लॉरेनबद्दल बोलायला तोंड नाही. पण 'नाईट प्रोब'मधल्या कराराचा पहिला धागा हायडी मिलिगनच्या हाती लागतो, तीही जुनी पत्रं चाळताना. ती नौदलात कमांडर आहे.

अक्षरवेल

हो. आणि पुस्तकभर तिच्याबरोबर काय काय होतं तेही लिहा की.

पानगळ

अहो महाशय! टायटॅनिकचा शेवट आणि आगगाडीचं रहस्य, दोन्ही एका दमात फोडलंत? माझ्या टेबलावर 'नाईट प्रोब' अर्धं वाचून पडलंय!!

कोपरखळी

पुस्तक १९८१ चं आहे, पानगळराव. टायटॅनिक बुडतं हे सांगितलं तर चालेल ना?

भिंग

सगळे साच्यावर भांडताय, पण मूळ दुखणं मुखपृष्ठावर आहे. तिथे कोणाचं नाव केवढ्या टाइपात आहे ते बघा.

१९९९ मध्ये कर्ट ऑस्टिन या दुसऱ्या नायकाची मालिका सुरू झाली, सोबत सहलेखक पॉल केम्प्रेकॉस. कस्लर डोळे दिपतील एवढा, केम्प्रेकॉस भिंगातून बघावा एवढा. मग ओरेगॉन जहाजाची मालिका, मग आयझॅक बेल, मग फार्गो दांपत्य. सहलेखक येतात जातात, वरचं नाव तेच. कस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. २०२१ च्या 'द डेव्हिल्स सी'वर लेखक डर्क कस्लर, पण पुस्तकाचं नाव काय, तर 'क्लाइव्ह कस्लर्स द डेव्हिल्स सी'. म्हणजे वडील आता शीर्षकात! थरारकथा लिहिणारे टॉम क्लॅन्सी २०१३ ला गेले, त्यांचंही नाव अजून कव्हरभर पसरलेलं. नाव असं दुकानाच्या पाटीसारखं वापरायचं ठरलं की आतला माल ठरलेल्या मापाचाच येणार. सहलेखकाने वेडी कल्पना लढवली तर म्हणतील, हा कस्लर वाटत नाही.

जुनी_रद्दी

+१ भिंग. पण मापाच्या मालाला एवढी नाकं मुरडू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार काय, काळापहाड काय, आम्हाला शेवट माहीत असायचाच. तरी पुस्तक हातात आलं की घरात पहिलं कोण वाचणार यावर मारामारी. माझ्या काकांनी एकदा मला पुस्तक मिळू नये म्हणून ते धान्याच्या कोठीत दडवलं होतं. आणि ते सगळं एका माणसाने लिहिलं! सहलेखक नाही, कंपनी नाही.

भिंग

तेच तर म्हणतोय. एक माणूस स्वतःची पुनरावृत्ती करतो तेव्हा ती त्याची सवय असते. दुसऱ्याला नेमून त्याच सवयीची नक्कल करवून घेतली की तो धंदा झाला.

तळघर

भिंग, सहलेखन आजचं नाही. 'थ्री मस्केटिअर्स' (१८४४) ही फ्रेंच कादंबरी ड्युमाच्या नावावर आहे, पण त्यामागे ऑग्युस्त माके राबला होता. पुढे तो कोर्टात गेला, पैसे मिळाले, नाव नाही मिळालं. पुस्तक वाईट झालं का?

भिंग

म्हणजे माकेवर अन्याय झाला तो योग्य, असं म्हणायचंय तुम्हाला?

तळघर

असं कुठे म्हटलं मी? वाचता ना नीट?

भिंग

भिंग लावून वाचतो. तुम्ही वर डर्क कस्लरचं नाव आलं तिथूनच घसरण धरलीत, आणि इथे सहलेखनाने पुस्तक वाईट होत नाही म्हणताय. दोन्ही एकदम कसं चालेल? जेम्स बाँडचे लेखक फ्लेमिंग १९६४ ला गेले तेव्हा पुढचा बाँड किंग्जली एमिसने लिहिला, 'कर्नल सन', १९६८. टोपणनावाने का होईना, कव्हरवर लेखक म्हणून फ्लेमिंग नव्हते. एवढा प्रामाणिकपणा आता मागायचा नाही का?

जुनी_रद्दी

टोपणनाव म्हणजे कसला प्रामाणिकपणा?

भिंग

काका, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?

जुनी_रद्दी

अर्नाळकरांच्या.

कोपरखळी

मुद्दा होता साचा. आपण पोचलो फ्रान्सच्या कोर्टात. आता कोणीतरी बुडणार आणि पिट येऊन वाचवणार.

जाता जाता : 'ड्रॅगन'पासून (१९९०) लेखक स्वतःच पुस्तकात येऊन पिटला भेटायला लागला, 'सहारा'त तर गाढव घेऊन वाळवंटात. भिंग, त्यांना मुखपृष्ठ पुरतच नव्हतं हो.

तळघर

@भिंग, सहलेखक आला म्हणून पुस्तक बिघडलं असं नाही. शोधाचा अनुभव पानांतून गेला म्हणून बिघडलं. कस्लरने कादंबरीतली 'नुमा' ही संस्था, म्हणजे पिट जिथे काम करतो ती समुद्रसंशोधन संस्था, १९७९ मध्ये खरोखर काढली आणि स्वतःच्या पैशाने बुडालेली जहाजं शोधली. 'हनली' नावाची अमेरिकन यादवी युद्धातली पाणबुडी १८६४ मध्ये शत्रूचं जहाज बुडवून स्वतःही चार्ल्सटनजवळ बुडाली होती. ती त्यांच्या पथकाला १९९५ मध्ये सापडली, २००० मध्ये वर काढली. (तिचा शोध आधी कोणी लावला यावर वाद आहेच, कोणी तो उकरायच्या आत सांगून ठेवतो.) पण हनली सापडायच्या आधी वर्षानुवर्षं हात हलवत परतावं लागलं होतं. बोटीमागे पाण्याखालचं लोखंड हेरणारा चुंबकमापक ओढत, समांतर रेघांत, आखलेला चौकोन पूर्ण होईपर्यंत मागेपुढे. सुई हलली की पाणबुड्या खाली जाणार आणि सापडणार एखादा टाकून दिलेला नांगर.

हा कंटाळा, ही चिडचिड जुन्या पुस्तकांत आहे. शोध फसतो, चुकीचं जहाज निघतं, माणसं एकमेकांवर खेकसतात. नव्यांत पडद्यावर ठिपका दिसला की तेच जहाज. किनारा, तुम्ही तुमच्या फ्युएल पंपाचं सांगितलंत ना, मी तेच म्हणतोय.

किनारा

हे आधीच सांगायचं होतं. टायटॅनिकच्या खडीपेक्षा हा मुद्दा बरा आहे.

पण 'सहारा'ची एवढी स्तुती नको. मोडक्या विमानाची शिडाची गाडी करून वाळवंट पार करतात. अहो काहीही!

तळघर

शिडाच्या गाड्या खऱ्या असतात. वाळूवर शर्यती होतात त्यांच्या.

किनारा

शर्यती सपाट ओल्या वाळूवर, समुद्रकाठी. आणि त्यासाठी बनवलेल्या गाड्यांच्या. मोडक्या विमानाचे सांगाडे जोडून, जेमतेम हत्यारांनी, पोटात पाणी नसताना? वेल्डिंग कोणी केलं?

अक्षरवेल

जिओर्डिनोने. 😌

किनारा

ताई, तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

अक्षरवेल

रात्रपाळीला या एकदा. मग घालू.

पानगळ

कोणी सांगेल का, गाडी नदीत नाही हे कळल्यावर पुढचं वाचावं की नाही?

तळघर

वाचा. गाडी नाही एवढंच कळलंय तुम्हाला, ती गेली कुठे ते मी लिहिलेलं नाही. खरी मजा तिथे आहे.

किनारा

'नाईट प्रोब' मीही मिळवतो कुठून तरी. 'पहिल्यापासून' हा शब्द तोपर्यंत तात्पुरता मागे. फक्त तात्पुरता. शंभर पानांत खलनायकाने भाषण दिलं तर इथे परत येईन आणि चारच्या जागी चाळीस ओळी लिहीन.

भिंग

मिळवताना १९८१ चीच प्रत बघा. मुखपृष्ठावर एकच नाव आहे तिच्या.