आतडं पाणी बाहेर टाकतंय, मग ओआरएस आत कसं जातं?

मृदुला_सातारा:
लेकीला कालपासून जुलाब. डॉक्टरांनी ओआरएस सांगितलंय, आता खेळतेय. पण माझ्या डोक्यातला भुंगा काही जात नाही. जे आतडं पाणी बाहेर टाकतंय तेच हे पाणी शोषतं कसं? साखर नुसती चवीला का? सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा सरबत पाज.

पेशीवाला:
ताई, चवीचा काही संबंध नाही. आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो. त्यात बाहेर टाकायचं दार वेगळं आणि आत घ्यायचं वेगळं. पटकीचं (कॉलऱ्याचं) विष क्लोराइडचं दार उघडं ठेवतं, त्यामागून पाणी वाहतं. पण एसजीएलटी-१ नावाचं दुसरं दार शाबूत राहतं. ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं, ग्लुकोजशिवाय हलत नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप ते सोडियम पलीकडे ढकलतो आणि पाणी मागोमाग जातं. सोडियम-ग्लुकोजची ही जोडी रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६०मध्ये प्रागला मांडली.

असाच थर बघायला आम्ही लॅबमध्ये काको-२ नावाच्या, माणसाच्या आतड्यातून आलेल्या पेशी जाळीवर वाढवतो. तीनेक आठवड्यांत थर घट्ट होतो, मग दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड धरून विद्युतरोध मोजायचा. ईजीटीए नावाचं रसायन टाकलं की ते कॅल्शियम पकडून ठेवतं, पेशींमधली टाइट जंक्शनं, म्हणजे पेशी एकमेकींना घट्ट धरणारे सांधे, सुटतात आणि आकडा बघता बघता कोसळतो. कॅल्शियम परत दिलं की सावकाश चढतो. नवीन पोरांना हे दाखवायला मला अजून मजा येते.

रानभूल:
१९७१ला, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६वर आलं.

मृदुला_सातारा:
बापरे! मग सरबत?

पेशीवाला:
मापात असेल तर चालेल: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर जास्त झाली की ती आतड्यातच राहून उलट पाणी खेचते, म्हणून कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस नकोच. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएसही पातळ केलं, लिटरला ३११वरून २४५ मिलिऑस्मोल (पाण्यात विरघळलेल्या कणांचं माप). आता ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल.

रानभूल:
पण लहान मुलांना जुलाब लावणारा रोटाव्हायरस तर पेशीच मारतो ना?

पेशीवाला:
मारतो, पण सगळ्या नाही. जास्त करून अस्तरावर बोटांसारखे उभे अंकुर असतात, त्यांच्या टोकाकडच्या. खालून नव्या पेशी येत राहतात, अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. म्हणून तिथंही ओआरएस लागू पडतं. ताई, डॉक्टरांना झिंकचंही विचारा. आणि पाकीट अर्धं-अर्धं वापरू नका, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं घाला. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.