गळू पिकलं की सुईने टोचावं का?

गळू पिकलं की सुईने टोचून पू काढावा, असं काही जण सुचवतात. कृपया असं करू नका. दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो खरा, पण उरलेला आत ढकलला जातो आणि संसर्ग पसरतो. नाक आणि वरच्या ओठाच्या आसपास तर अजिबात दाबू नये. तिथल्या शिरा मेंदूजवळच्या शिरांना जोडलेल्या असतात.

बहुतेक गळवं केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस जिवाणू शिरल्याने होतात. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून १०-१५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा शेका. माझ्या मुलाच्या मांडीवर आधी टणक लाल गाठ होती, मग मधोमध पिवळा ठिपका दिसला, चौथ्या दिवशी ते आपोआप फुटलं आणि ठणका थांबला. पोरगं त्या रात्री शांत झोपलं.

गाठ मोठी आणि पुवाने भरलेली असेल तर मात्र डॉक्टरांकडून चीर देऊन निचरा करून घ्या. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सहसा पुरत नाहीत, औषध पुवाच्या पोकळीत नीट पोचतच नाही. ताप आला किंवा लाली पसरू लागली तर त्याच दिवशी दाखवा. गळवं वारंवार होत असतील तर रक्तातली साखर तपासा, आणि टॉवेल, रेझर घरात वेगवेगळे ठेवा.